दुसऱ्याला जागा

पहिलं ग्राफिक्स कार्ड बसवताना मदरबोर्डाला कुणी काही विचारत नाही. वरचा स्लॉट रिकामा असतो, एसएमपीएसच्या वायरी मोकळ्या लोंबत असतात. कार्ड बसतं, स्क्रू आवळला जातो, पडदा उजळतो. दुसरं कार्ड आणलं की मगच कळतं, या पेटीत काय काय मोजकं होतं आणि त्यातलं किती आधीच वापरून झालंय. आमच्या घरात हे ज्ञान आषाढात आलं आणि बराच काळ मुक्कामाला राहिलं.

घर कशेडी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या अंगाला. घाट ओलांडला की रायगड जिल्हा संपतो, खेड तालुका लागतो, रत्नागिरी सुरू होते. इथं एका घरात दोन-दोन ग्राफिक्स कार्डं कशाला, असं गावात अनेकांनी विचारलं, आणि ते रास्तच होतं. पुतण्या मुंबईत एका वास्तुविशारदाच्या कचेरीत कामाला होता. २०२० च्या टाळेबंदीत गावी आला तो इथंच टिकला. मुंबई-पुण्याची माणसं आमच्या डोंगरउतारांवर बंगले बांधतात, आणि वीट लागण्याआधी त्यांना त्या बंगल्यातून फिरायचं असतं. दार उघडायचं, व्हरांड्यात उभं राहायचं, समोरच्या डोंगरावर ढग उतरलेले बघायचे. पुतण्या ब्लेंडर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं उभं करतो. नसलेल्या खिडकीतून नसलेल्या फरशीवर ऊन कसं पडेल, याचा हिशोब कार्ड करतं.

हा हिशोब वेळखाऊ असतो. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे मिनिटाला १,४४०. एका चित्राला दोन मिनिटं धरली तर एका मिनिटाच्या फिल्मला ४८ तास लागतात. पावसाळ्यात सलग ४८ तास वीज राहील, असं आमच्याकडे कुणी गृहीत धरत नाही. फांदी पडते, डीपी उडतो, वायरमन बिचारा भिजत येतो. प्रत्येक चित्र वेगळं साठवलं जातं, त्यामुळे लाइट गेली तरी हातातलं एकच चित्र वाया जातं. वेळ मात्र जातो तो जातोच. तसलंच दुसरं कार्ड जोडलं तर निम्मी चित्रं ते करील आणि दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकेल. कागदावर तरी हे बिनतोड होतं.

कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलं, वापरलेलं. वापरलेली कार्डं बाजारात इतकी का आली, यामागे मोठी उलथापालथ आहे. इथेरियम हे आभासी चलन अशा कार्डांवर आकडेमोड करून मिळवलं जायचं. १५ सप्टेंबर २०२२ ला त्या चलनानं आपली पद्धतच बदलली, आणि जगभर रात्रंदिवस राबणारी कार्डं एका दिवसात बेकार झाली. मग ती जुन्या मालाच्या बाजारांत उतरली. आमच्या कार्डाचा पूर्वेतिहास कुणालाच ठाऊक नव्हता. पण ते डिटेक्ट होत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी तो सांगायला सुरुवात केली. राबवून घेतलेलं असणार. तापून गेलेलं असणार. विकणाऱ्यानं उगाच का विकलं?

मेलेलं म्हणावं तर पंखे फिरत होते, कडेचा दिवाही लागत होता. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र नाव एकाच कार्डाचं. आई खाटेवर बसून हे सगळं बघत होती. तिनं विचारलं, "त्याला लाइट पोचतेय ना? मग बोलत का नाय?"

प्रश्न नेमका होता. पंखा फिरतो याचा अर्थ इतकाच की १२ व्होल्ट पोचतायत. कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या वायरीतून आणखी ७५, आठ पिनांच्या वायरीतून १५०. आमची दोन्ही कार्डं १७० वॉटची आणि एसएमपीएस ६५० चा, तेव्हा बेरीज बसत होती. दोन्ही कार्डांना स्वतंत्र वायरी दिलेल्या होत्या. प्रोसेसरला जाणारी आठ पिनांची वायर दिसायला कार्डाच्या वायरीसारखीच असते, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा नेमक्या उलट असतात. ती कार्डात जबरदस्तीनं घुसवली तर कार्ड खरोखरच मरतं. आमच्याकडे तसंही काही झालेलं नव्हतं. वीज पोचत होती. बोलणं होत नव्हतं.

मग जाणकार येऊ लागले. आमच्याकडे घरात काही बिघडलं की माणसं आपणहून येतात आणि चहा होईपर्यंत निदान करतात. मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेल्या गृहस्थांनी आल्या आल्या खोडरबर मागितला. कार्डाच्या तळाशी जे सोनेरी दात असतात त्यांच्यावर पावसाळ्यात बुरा आणि ओलसर मळ बसतो, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. सोनं गंजत नाही, पण त्यावरची ही साय स्पर्श तोडते. फक्त रबरानं जोर काढून घासलं तर सोन्याचा पातळ थरच निघून जातो. मऊ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं. दात पुसले. फरक नाही. वायरमननं कॅबिनेटला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अर्थिंग नाय तुमच्याकडं," तो म्हणाला. आमच्या कातळात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. मीठ-कोळसा घालून तो पुन्हा भरून घेतला. कॅबिनेटच्या झिणझिण्या थांबल्या आणि त्याबद्दल वायरमनचे आभार मानायलाच हवेत. कार्ड तरीही गप्प. महाडहून आलेल्या एका मित्राला ड्रायव्हरचा संशय होता. ड्रायव्हर बिघडतात, जुने पुसून नवे घालावे लागतात, हेही खरं. पण ड्रायव्हरची पाळी कार्ड दिसल्यानंतर येते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि बसवलेल्या सगळ्या भागांची यादी काढली. ही यादी ड्रायव्हरची वाट बघत नाही. तिच्यातही कार्ड एकच होतं. प्रत्येकाला आपल्या धंद्यातला दोष दिसला होता, आणि गंमत अशी की तो दोष प्रत्येक वेळी होता. फक्त तो या आजाराचा नव्हता.

पुतण्याची एक शिस्त आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जुनं कार्ड काढून बाजूला ठेवलं आणि नवं, म्हणजे ते लॅमिंग्टन रोडचं, एकटंच वरच्या स्लॉटात बसवलं. पडदा उजळला. त्याच्यावर एक चित्र करून पाहिलं, तेही वेळेत आणि सुबक झालं. मग जुनं, घरचं, इतकी वर्षं बिनतक्रार चाललेलं कार्ड खालच्या स्लॉटात बसवलं. ते दिसेनासं झालं.

ते अदृश्य झालं तेव्हा खोलीतले सगळेच क्षणभर थांबलो. आतापर्यंत चर्चा होती ती कार्डाच्या वागणुकीची आणि ते कुठून आलं याची. आता घरच्या, भरवशाच्या कार्डालाही त्या जागी बसवलं की तेही 'मेलेलं' ठरत होतं. दोष बसणाऱ्यात नव्हता, जागेत होता. आणि ही तपासणी सगळ्यात सोपी असूनही तिची पाळी सगळ्यात शेवटी आली होती. मागाहून आलेल्यावर संशय घ्यायला फार कष्ट पडत नाहीत. कॅबिनेट उघडायलाही लागत नाही.

मदरबोर्डाला कार्ड 'दिसतं' म्हणजे नेमकं काय होतं, हे मग मी वाचायला घेतलं. पहिली खूण स्पर्शाची. लांब स्लॉटात दोन्ही अंगांना ८२-८२ असे १६४ संपर्क असतात. त्यातला एक अगदी एका टोकाला, त्याचा जोडीदार थेट दुसऱ्या टोकाला, आणि कार्ड या दोघांना आपल्या अंगातून जोडतं. कार्ड तिरकं बसलं, एक टोक जरा वर राहिलं, की ही जोड पुरी होत नाही. दुसरी खूण याहून नाजूक. बोर्ड तारेवर विजेचा हलकासा दाब टाकतो आणि तार किती वेगानं भरते ते पाहतो. पलीकडे कुणीच नसेल तर ती चटकन भरते. पलीकडे कार्ड असेल तर भरायला वेळ लागतो. म्हणजे समोर कुणी आहे, हे बोर्डाला त्याच्या भारावरून कळतं. त्यानंतर दोघं मिळून वेग ठरवतात.

एवढं झालं की यंत्र हजेरी घेतं. जिथं जिथं काही असू शकतं त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन विचारतं, कोण आहेस? उत्तरात आधी बनवणाऱ्याचा क्रमांक येतो. एनव्हिडिया असेल तर १०डीई, एएमडी असेल तर १००२. इंटेलनं आपल्यासाठी ८०८६ घेतलाय, १९७८ च्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडा. आणि तिथं कुणीच नसेल तर? उत्तर येत नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच येत नाही असंही नाही. सगळे एक येतात, सोळाच्या सोळा बिट एक. सगळे एक म्हणजे जागा रिकामी, असं यंत्रांच्या जगात ठरलेलं आहे. ते वाचायचं आणि पुढं जायचं. तिथं मुळात कार्डच नाही, की कार्ड आहे पण वाट बंद आहे, यातला फरक हजेरी घेणाऱ्याला कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही सारखंच.

हे वाचताना मला आमचा २०२१ चा जुलै आठवल्यावाचून राहिला नाही. २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात आमच्या पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथंही डोंगर खाली आला. महाड शहर पुराच्या पाण्यात होतं, रस्ते बुडालेले, वीज गेलेली, मोबाइल बंद. बाहेरगावची माणसं फोन लावत होती आणि पलीकडून काहीच येत नव्हतं. बाहेरची मदतपथकं तळियेपर्यंत पोचली ती दुसऱ्या दिवशी. इकडे हाक देणारी माणसं होती. वाट तुटली होती. उत्तर नाही म्हणजे कुणी नाही, असं धरून पुढं जाण्याची मुभा यंत्राला आहे. माणसांना ती नाही. जिथून उत्तर येत नाही तिथंच आधी जायचं असतं, हे आमच्या भागात आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

कार्डापर्यंत जाणारी वाट तपासायची तर मदरबोर्डाची पुस्तिका लागते. प्रोसेसरकडून निघणाऱ्या वाटा मोजक्या असतात, त्यांना लेन म्हणतात. घरगुती यंत्राच्या प्रोसेसरकडे अशा वीस-चोवीस लेन असतात. त्यातल्या सोळा वरच्या स्लॉटला जातात, चार एका एसएसडीला, उरलेल्या चार चिपसेटला. आणि त्या चारांवर चिपसेट बाकीचं सगळं बिऱ्हाड चालवतो. खालचा स्लॉट दिसायला वरच्याइतकाच लांब, पण त्याच्या तळाशी चारच लेन जोडलेल्या. आमच्याकडे हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये पनवेल-इंदापूर टप्प्यापासून सुरू झालं. पुढं कितीतरी वर्षं रस्ता काही ठिकाणी ऐसपैस दिसायचा आणि कशेडी घाटाच्या तोंडाशी आल्यावर सगळ्या गाड्या जुन्या अरुंद वळणांत शिरायच्या. रस्त्याची खरी रुंदी तोंडाशी दिसत नाही, आत शिरल्यावर कळते. घाटाखालून जोडबोगदे खणले गेले, २०२३ च्या गणपतीआधी त्यातला एक हलक्या वाहनांना एकेरी खुला झाला, दुसरा मागाहून. तोपर्यंत दुसऱ्या बोगद्याचं तोंड डोळ्यांना दिसत होतं, पण त्यातून जाता येत नव्हतं. आमचा खालचा स्लॉट असाच होता.

पुस्तिकेत तक्त्याखाली बारीक अक्षरात एक टीप होती: दुसऱ्या एम डॉट टू खाचेत एसएसडी बसवली असेल तर खालचा स्लॉट बंद राहील. त्या दोघांना चिपसेटकडून मिळणाऱ्या लेन एकच होत्या. आणि त्या खाचेत एसएसडी होती. तयार झालेली चित्रं ठेवायला पुतण्यानं ती आदल्या वर्षी घातली होती, आणि तेव्हा तिनं कुणाची अडचण केली नव्हती, कारण खाली कुणी बसायचंच नव्हतं. एसएसडी काढली, तिच्याऐवजी साधी साटा डिस्क लावली. लिनक्सच्या यादीत १०डीईची दुसरी ओळ आली.

विंडोजनं मात्र अजून हात आखडता ठेवला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दुसरं कार्ड आलं, पण पिवळ्या खुणेसह आणि बारा क्रमांकाच्या तक्रारीसह. तिचा मथितार्थ असा, की या उपकरणाला लागणारी साधनं शिल्लक नाहीत. आता वाट होती, पत्ता नव्हता. प्रत्येक कार्ड प्रोसेसरच्या पत्त्यांच्या यादीत आपल्यासाठी एक पट्टा मागतं. ही मागणीची पद्धत मला फार आवडली. यंत्र कार्डाच्या रकान्यात सगळे एक लिहितं आणि परत वाचतं. जे बिट शून्यच राहतात त्यांवरून कळतं की याला किती जागा हवी. आधी विचारून मग देणं, असा तो शिष्टाचार. पण जुन्या यंत्रांशी जुळवून घेण्यासाठी हे पट्टे ३२ बिटांच्या हद्दीतच द्यायचे, असा दंडक अनेक बोर्डांवर सुरुवातीला लागू असतो. ती हद्द ४,२९,४९,६७,२९६ पत्त्यांची, म्हणजे ४ जीबीची. त्यातच मेमरीचा खालचा भाग, बायोस आणि बाकी सगळी उपकरणं. पहिलं कार्ड बसतं, दुसऱ्याच्या वेळी पट्टे संपतात. प्रत्यक्षात आजच्या प्रोसेसरला या हद्दीच्या पलीकडे अफाट मोकळं रान आहे. तिकडे पत्ते द्यायला परवानगी हवी, इतकंच. बायोसमध्ये त्या परवानगीचं नाव 'अबव्ह फोर जी डिकोडिंग'. ती चालू करायची तर बऱ्याचदा सीएसएम ही जुन्या पद्धतीची सोय बंद करावी लागते, आणि विंडोज जुन्या पद्धतीनं घातलेलं असेल तर यंत्र सुरूच होत नाही. म्हणून ते आधी तपासलेलं बरं. आमचं नव्या पद्धतीचं होतं. परवानगी दिली, यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि दोन्ही नावं एकाखाली एक उभी राहिली.

पुण्याच्या सी-डॅकमध्ये परम सिद्धी नावाचा महासंगणक आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या पाचशे वेगवान संगणकांत तो ६३ वा होता. त्यातल्या प्रत्येक यंत्रात आठ-आठ कार्डं आहेत. ती एकमेकांना दिसतात यात चमत्कार नाही: तिथल्या एकेका प्रोसेसरला १२८ लेन आहेत आणि पत्त्यांची हद्द पहिल्यापासूनच मोकळी ठेवलेली आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या याच संस्थेनं १९९१ मध्ये पहिला परम बांधला तोही अनेक छोटे प्रोसेसर एकत्र राबवून. तिथं आठवं कार्ड नंतर सुचलेलं नसतं. पेटी आखतानाच त्याची जागा आखलेली असते. आमची पेटी एकासाठी आखलेली. तिच्यात खाली लांबलचक स्लॉट होता खरा, पण स्लॉट असणं आणि जागा असणं या दोन गोष्टी आहेत. जिथं मांडणीच एकासाठी झालेली असते तिथं दुसरा आला की तो मुका, निकामी किंवा संशयित ठरतो, आणि मांडणीकडे कुणाचं लक्षही जात नाही, कारण पहिल्यासाठी ती उत्तम चालू असते. पहिल्याचा यात काही गुन्हा नाही. त्या एसएसडीचाही नव्हता. तरी दुसऱ्याच्या गप्प बसण्याचं कारण त्यांच्याच अंगणात सापडलं.

दोन कार्डं झाली म्हणून सगळं दुप्पट झालं असंही नाही. दोन्ही कार्डांची मेमरी १२-१२ जीबी, पण ब्लेंडरसाठी बारा आणि बारा चोवीस होत नाहीत. प्रत्येक कार्डाला अख्खा बंगला, बागेतल्या झाडांसकट, आपल्या मेमरीत वेगळा धरावा लागतो. पूर्वी खेळांसाठी दोन कार्डं पुलानं जोडून एकच चित्र काढून घ्यायची रीत होती. थ्रीडीएफएक्स कंपनीनं ती १९९८ मध्ये आणली, एनव्हिडियानं २००४ मध्ये नव्या रूपात पुढं चालवली, आणि मग ती मागे पडत गेली. एका चित्रात दोघांचे हात घालण्यापेक्षा ज्यानं त्यानं आपापलं अख्खं चित्र करावं, हे जास्त सुटसुटीत निघालं. शिवाय खालच्या कार्डाची गरम हवा वरच्याच्या पंख्यात जाते, त्यामुळे वरचं जास्त तापतं. कॅबिनेटला एक पंखा जादा लावावा लागला. चार लेनवर बसलेलं खालचं कार्ड बंगला आत घ्यायला जरा जास्त वेळ घेतं, पण एकदा आत घेतला की चित्रं वरच्याच्या बरोबरीनं करतं.

आता महाड, खेड, दापोलीकडची मुलं पुतण्याला फोन करतात. कुणी फिल्म एडिटिंग करतो, कुणाला घरच्या घरी एआयचं मॉडेल चालवून बघायचं असतं. तक्रार ठरलेली, दुसरं कार्ड डिटेक्ट होत नाही. पलीकडचा मुलगा लगेच कार्डाबद्दल सांगू लागतो. कुठून घेतलं, कितीला घेतलं, आधी कुणाकडे होतं, विकणाऱ्यानं कसं फसवलं असावं. पुतण्या त्याला मध्येच थांबवतो. "कार्डाचं नंतर बघू रे. मशीनमध्ये आधीपासून काय काय बसलंय, ते सांग." बरीचशी कार्डं या उत्तरातच सापडतात.